‘द’ कुठं लावायचा? मराठी माध्यमातून पीयूसीला गेलेल्यांसाठी

आमच्या गावच्या सोसायटीच्या पाटीवर पहिलंच अक्षर होतं ‘दि’. त्यापुढं गावाचं नाव आणि मग ‘प्राथमिक कृषी पत्तीन सहकारी संघ’ (‘पत्तीन’ हे कन्नड, म्हणजे पतपुरवठ्याचा). तिसरीत असताना मी ते दिनांकाचं ‘दि.’ समजायचो. तारीख घालायची राहिलीय, पेंटर परत येऊन घालेल, असं वाटायचं. हायस्कुलात गेल्यावर कळलं की ते इंग्रजीतलं ‘द’ आहे. पण ते तिथं काय करतंय, हे कुणी सांगितलं नाही. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव, कुठंही जा, जुन्या सहकारी बँकांच्या आणि सोसायट्यांच्या मराठी पाट्यांवर हे ‘दि’ आजही भेटतं.

आता संध्याकाळी माझ्याकडं पाच-सहा मुलं इंग्रजीसाठी येतात. मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, झालेली आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स नाहीतर कॉमर्स घेतलेली. कालपर्यंत सगळं मराठीत आणि आज अचानक फिजिक्सपासून अकाउंटन्सीपर्यंत सगळं इंग्रजीत, असा त्यांचा पहिला महिना असतो. त्यांच्या वह्यांत माझी लाल शाई सगळ्यात जास्त ह्या एका शब्दावर खर्ची पडते. कुणी दिसेल त्या नामाआधी ‘द’ लावतं, कुणी अख्ख्या पानात एकदाही लावत नाही. नियम विचारा, घडाघडा म्हणून दाखवतील. लिहायला बसले की नियम एकीकडं आणि पेन एकीकडं.

एवढ्याशा शब्दावर एवढा वेळ घालवायचा का, असं पालक विचारतात. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द हाच आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात 1960 च्या दशकात सुमारे 10 लाख शब्दांचा छापील मजकूर गोळा करून मोजणी झाली, त्यात हा शब्द जवळजवळ 70 हजार वेळा आला. म्हणजे शंभर शब्दांमागं सात. एखादं अवघड स्पेलिंग चुकलं तर पानात एकदा चुकतं, ‘द’ चुकला तर प्रत्येक ओळीत खडा लागतो.

आणि आपल्याला तो जड जातो ह्यात आपला दोष नाही. मराठीत असा शब्द नाही, कन्नडात नाही, हिंदीतही नाही. आपल्या मुलांच्या कानावर दिवसभर ह्या तीन भाषा पडतात आणि तिन्हींपैकी एकही इथं मदतीला येत नाही. पण शब्द नसला तरी त्या शब्दाचं काम आपण रोज करतो. सुरुवात तिथूनच करू.

पहिली पायरी: आधी मराठीत पकडा

ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणा.

‘गवंडी बघ.’
‘गवंड्याला बघ.’

पहिल्यात घराचं काम काढायचंय, कुणीतरी गवंडी शोधायचाय. दुसऱ्यात गवंडी आधीच कामावर आलाय, तो काय करतोय ते जाऊन बघायचंय. एवढासा ‘ला’ लागला आणि कुठलातरी गवंडी आपला गवंडी झाला. तसंच ‘डॉक्टर बोलवा’ आणि ‘डॉक्टरांना बोलवा’. पहिलं आपण गर्दीत कुणी चक्कर येऊन पडलं तर ओरडतो, मिळेल तो डॉक्टर चालेल. दुसरं घरात म्हणतो, नेहमीचे डॉक्टर ठरलेले असतात. इंग्रजीत पहिलं ‘कॉल ए डॉक्टर’ आणि दुसरं ‘कॉल द डॉक्टर’.

आणखी एक. वर्गातल्या पोरी कुजबुजतात, ‘बाई आल्या!’ कुठल्या बाई, हे कुणीही विचारत नाही. घरी गेल्यावर आई सांगते, ‘दुपारी एक बाई येऊन गेल्या.’ लगेच आपण विचारतो, ‘कुठल्या?’ पहिल्या वाक्यात ‘द’ आहे, दुसऱ्यात ‘ए’ आहे. मराठीत ते दिसत नाहीत, पण बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात ते आहेतच.

ह्या पायरीवर माझी मुलं दोन दिवस इंग्रजी लिहितच नाहीत. घरात, स्टँडवर, दुकानात ऐकलेली मराठी वाक्यं वहीत उतरवतात आणि प्रत्येक नामासमोर लिहितात, ‘ठरलेला’ की ‘कुठलातरी’. एका मुलीनं खानापूरच्या स्टँडवर ऐकलेली दोन वाक्यं आणली होती. एकजण म्हणाला, ‘बस आली, पळ!’ थोड्या वेळानं दुसरा म्हणाला, ‘एक बस आली होती, पण ती हल्याळची.’ तिनं पहिल्यासमोर ‘ठरलेली’ आणि दुसऱ्यासमोर ‘कुठलीतरी’ लिहिलं होतं. तिला पुढं मला फार शिकवावं लागलं नाही.

दुसरी पायरी: ‘कुठला?’ विचारून बघा

आता इंग्रजी वाक्य लिहा आणि प्रत्येक नामापाशी थांबून ऐकणाऱ्याच्या जागी बसा. तो ‘कुठला?’ म्हणून विचारेल का? विचारणार नसेल, त्याला नेमका कुठला ते माहीत असेल, तर ‘द’ लावा. विचारेल असं वाटलं तर ‘ए’ किंवा ‘ॲन’, आणि नाम अनेकवचनी किंवा दूध-पाण्यासारखं न मोजता येणारं असेल तर काहीच नको.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. प्रश्न ऐकणाऱ्याला काय माहीत आहे हा आहे. मुलं नेमकी इथं घसरतात. स्वतःला माहीत आहे म्हणून ‘द’ लावतात आणि समोरचा गोंधळतो. ‘आय मेट द मॅन यस्टरडे’ असं कुणी अचानक म्हटलं तर समोरचा विचारणारच, कुठला माणूस बाबा?

उलट चूक मी स्वतः केलेली आहे. बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत मी डिस्पॅचला, म्हणजे माल पाठवण्याच्या कामाला, होतो. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाशी फोनवर ठरलं की ब्लोहोल, म्हणजे आत पोकळी, निघालेली बारा कास्टिंग (ओतीव भाग) त्यांनी परत पाठवायची. मी लगेच लेखी कळवलं, ‘प्लीज सेंड बॅक कास्टिंग्ज बाय टेम्पो.’ फोन घेतलेला माणूस रजेवर गेला, माझा कागद दुसऱ्याच्या हातात पडला. त्यानं वाचलं तसं केलं. ‘कास्टिंग्ज’ म्हणजे कास्टिंग, तिथं होती ती. तीन दिवसांनी टेम्पो आला तो चांगल्या मालानं भरलेला, आणि ब्लोहोलवाली बारा तिथंच कोपऱ्यात पडून. भाडं आमच्या अंगावर. मला शिव्या बसतील असं वाटलं होतं, पण ऑफिसातल्या जुन्या टायपिस्ट काकांनी माझा कागद पुढं ओढला, ‘कास्टिंग्ज’च्या आधी पेन्सिलीनं एक खूण केली आणि म्हणाले, ‘‘इथं ‘द’ पाहिजे. ‘द’ म्हणजे बोट दाखवणं. तू बोटच दाखवलं नाहीस.’’

‘द कास्टिंग्ज’ वाचलं असतं तर तो माणूस थबकला असता. कुठली कास्टिंग्ज, हे आपल्याला माहीत असायला हवं असं ह्या कागदाचं म्हणणं आहे, मग विचारून घेऊ, असं त्याच्या मनात आलं असतं. ‘द ट्वेल्व्ह कास्टिंग्ज वी डिस्कस्ड यस्टरडे’ लिहिलं असतं तर विचारायचीही गरज पडली नसती. बोट दाखवणं हे काकांचे शब्द तेव्हापासून मी विसरलेलो नाही. त्यांनी इंग्रजीचा इतिहास वाचला होता की नाही, मला ठाऊक नाही, पण त्या शब्दाचा सगळा इतिहास त्यांनी दोन शब्दांत सांगितला होता.

थोडं मागं जाऊ: ‘द’ आणि आपला ‘तो’

हा भाग परीक्षेत येत नाही. तरी मी तो शिकवतोच, कारण तो ऐकल्यावर मुलांची ‘द’बद्दलची भीती जाते.

हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘द’ असा एकच शब्द नव्हता. पुल्लिंगी नामाआधी ‘से’, स्त्रीलिंगी नामाआधी ‘सेओ’, नपुंसकलिंगी नामाआधी ‘थॅट’. म्हणजे चक्क तो, ती, ते. ह्यांचा अर्थही बोट दाखवण्याचाच होता, ‘तो राजा’, ‘ती नदी’ असा. विभक्तीप्रमाणं त्यांची रूपं बदलत आणि बाकीची जवळजवळ सगळी रूपं ‘थ’नं सुरू होत.

आता संस्कृत आठवा. सः, सा, तत्. पहिल्या दोन रूपांत ‘स’, आणि पुढं तम्, तेन, तस्य म्हणत गेलं की सगळीकडं ‘त’. तिकडं से, सेओ, थॅट आणि इकडं सः, सा, तत्. हा योगायोग नाही, दोन्ही एकाच मुळाच्या फांद्या आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मूळ भाषेतून आल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स 1786 मध्ये कलकत्त्यात भाषणात म्हणाला, आणि इंग्रजी ज्या घराण्यातली त्या भाषांनाही त्यानं ह्याच नात्यात जोडलं. पुढं 1822 मध्ये जर्मनीच्या याकोब ग्रिमनं व्यंजनं कशी बदलत गेली ह्याचे नियम मांडले. त्यातला एक असा की आपल्याकडं शब्दाच्या सुरुवातीला जिथं ‘त’ आहे तिथं इंग्रजीत ‘थ’ येतो. त्रि आणि थ्री. तृषा आणि थर्स्ट. तनु, म्हणजे सडपातळ, आणि थिन. ह्याच माळेत तत् आणि थॅट, ज्याला आज आपण दॅट म्हणतो.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या भागाचं. इंग्रजी बोलणाऱ्यांना ‘से’ आणि ‘सेओ’ ही दोनच रूपं वेगळी वाटायला लागली, कारण बाकी सगळीकडं ‘थ’ होता. मग त्यांनी ती दोन्ही टाकली आणि तिथंही ‘थ’ आणला. लिंग गेलं, विभक्ती गेली, सगळ्यांच्या जागी एकच ‘थे’ उरला. बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत हे बऱ्याच भागात होऊन गेलं होतं. त्याच सुमाराला इकडं देवगिरीच्या यादवांचं राज्य होतं आणि मराठीत लोक ‘तो’ म्हणत होते. ‘सः’चा प्राकृतात ‘सो’ झाला होता, पण मराठीनं तो ‘सो’ ठेवला नाही. बाकीच्या रूपांतला ‘त’ घेऊन ‘तो’ केला. म्हणजे एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या दोन भाषांनी आपापल्या घरात एकच दुरुस्ती केली. फरक इतकाच की आपण तो, ती, ते तिन्ही सांभाळले आणि इंग्रजीनं एकावर भागवलं. त्या जुन्या नपुंसकलिंगी ‘थॅट’ला त्यांनी वेगळं काम दिलं, आजचा ‘दॅट’ तो हाच.

म्हणून मुलांना सांगतो की परक्याच्या घरातला शब्द म्हणून ‘द’कडं बघू नका. तुमच्या तोंडातल्या ‘तो’चा तो लांबचा चुलतभाऊ आहे. आजीची गोष्ट आठवा. ‘एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.’ पहिल्यांदा ‘एक राजा’, दुसऱ्यांदा ‘त्या राजाला’. इंग्रजीत पहिल्यांदा ‘ए किंग’, दुसऱ्यांदा ‘द किंग’. आणि ‘ए’, ‘ॲन’ सुद्धा जुन्या इंग्रजीतल्या ‘आन’ ह्या शब्दापासून आले, ज्याचा अर्थ ‘एक’. आजी नकळत आर्टिकल शिकवत होती.

पाटीवरच्या ‘दि’शी जुळणारी एक गोष्ट इंग्लंडातही आहे. तिकडं जुन्या धाटणीच्या दुकानांवर ‘ये ओल्ड’ असं लिहिलेलं असतं. तो ‘ये’ खरं तर ‘द’च आहे. पूर्वी इंग्रजीत ह्या ध्वनीसाठी थॉर्न नावाचं स्वतंत्र अक्षर होतं. विल्यम कॅक्स्टननं 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाईचे खिळे युरोपातून आलेल्या धाटणीचे, त्यांत थॉर्न नव्हतं. हातानं लिहिताना थॉर्न तोपर्यंत वायसारखं दिसू लागलं होतं, म्हणून छापणाऱ्यांनी वायचा खिळा वापरला. वाचणारे ‘द’च वाचत. पुढच्या पिढ्या ते अक्षर विसरल्या आणि ‘ये’ म्हणू लागल्या.

तिसरी पायरी: उच्चार

पुढचा ध्वनी व्यंजनाचा असेल तर ‘द’, स्वराचा असेल तर ‘दी’. द बस, द कॉलेज. पण दी ऑफिस, दी एक्झाम, दी अंकल. लिहिलेलं अक्षर बघू नका, कानाला काय ऐकू येतं ते बघा. ‘अवर’ म्हणजे तास, ह्या शब्दाचं स्पेलिंग एचनं सुरू होतं, पण ऐकू येतो ‘अ’, म्हणून दी अवर. ‘युनिव्हर्सिटी’चं स्पेलिंग यूनं, म्हणजे स्वराच्या अक्षरानं, सुरू होतं, पण ऐकू येतो ‘य’, म्हणून द युनिव्हर्सिटी. आमदाराला दी एमएलए, कारण ‘एम’ म्हणताना सुरुवात ‘ए’नं होते. पाट्यांवर मात्र सगळीकडं ‘दि’ किंवा ‘दी’ रंगवलेलं असतं, पुढं ‘बेळगाव’ असो की ‘अर्बन’. ती पाटीची रीत, बोलताना तिच्या मागं जाऊ नका.

इंग्रजांचा ‘द’ जीभ दातांच्या कडेला हलकेच टेकवून, हवा सोडत येतो. आपला ‘द’ पुरता बंद होऊन सुटतो. आपला ‘द’ म्हटलात तरी कुणाचा गैरसमज होत नाही, त्यामागं आठवडे घालवू नका. जोर मात्र देऊ नका. ‘द’ पुढच्या शब्दाला चिकटून, पटकन जायला पाहिजे. ‘दsss... बुक’ असं तोडून म्हणण्याची सवय शाळेत शुद्धलेखनाच्या वेळी लागते आणि फार दिवस जात नाही.

जाता जाता एक खूण देतो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला टी आणि एच ही अक्षरजोडी कधी ‘द’ होते, कधी ‘थ’. बोट दाखवणारे, जोडणारे छोटे शब्द ‘द’चे: द, दिस, दॅट, दे, देन, देअर. स्वतःचा भरीव अर्थ असलेले शब्द ‘थ’चे: थिन, थिंक, थ्री, थर्स्टी. ‘थ्रू’ हा एक छोटा शब्द तेवढा ह्याला अपवाद.

चौथी पायरी: आपल्या जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा

नावांआधी ‘द’ कधी येतो, हे मी पुस्तकातल्या टेम्स आणि आल्प्सवरून शिकवत नाही. भिंतीवर बेळगाव जिल्ह्याचा नकाशा आहे, तो पुरतो.

गावं, शहरं, तालुके, राज्यं ह्यांना ‘द’ नाही. खानापूर, हुक्केरी, गोकाक, अथणी, कर्नाटक, महाराष्ट्र. सरकारी कागदावर 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचं बेळगावी झालं. आधीच्या नावाला ‘द’ नव्हता, आताच्यालाही नाही.

नद्यांना ‘द’ हवाच. द मलप्रभा, द घटप्रभा, द मार्कंडेय, द हिरण्यकेशी, द वेदगंगा, द कृष्णा. ‘रिव्हर’ शब्द लिहा किंवा गाळा, ‘द’ राहतो. समुद्रालाही तो लागतो, द अरेबियन सी. पण धबधब्याच्या नावाला सहसा नाही, म्हणून घटप्रभा ‘द घटप्रभा’ आणि तिच्यावरचा धबधबा नुसता ‘गोकाक फॉल्स’.

डोंगराची रांग असेल तर ‘द’, एकटा घाट किंवा शिखर असेल तर नाही. द वेस्टर्न घाट्स, पण गोव्याला जाताना लागतो तो नुसता चोर्ला घाट. देशांच्या नावांतही हीच चाल आहे. इंडिया, जपान, नेपाळ नुसते. पण अनेकवचनी नाव किंवा ‘किंगडम’, ‘स्टेट्स’ असा साधा शब्द आत असेल तर द नेदरलँड्स, द युनायटेड किंगडम, द युनायटेड स्टेट्स.

रस्त्यांत एक बारकावा आहे, तो मला आवडतो. किर्लोस्कर रोड, खडेबाजार ही नावं, त्यांना ‘द’ नाही. पण वाट विचारणाऱ्याला आपण सांगतो, ‘गोव्याच्या रस्त्यानं जा.’ तो गोव्याकडं जाणारा रस्ता, म्हणून ‘टेक द गोवा रोड’. पाटीवरचं नाव आणि जाण्याची दिशा ह्यांतला फरक इंग्रजी एका ‘द’नं दाखवते. टिळकवाडीची रेल्वे गेटंही तशीच. नाव म्हणून ‘मीट मी ॲट फर्स्ट गेट’ असं लोक म्हणतात. पण क्रमानं मोजून सांगायचं असेल, ‘पहिलं गेट बंद आहे, दुसऱ्यानं या’, तर ‘द फर्स्ट गेट इज क्लोज्ड, टेक द सेकंड’. फर्स्ट, सेकंड, लास्ट, बेस्ट, सेम, ओन्ली, ह्या शब्दांबरोबर ‘द’ येतो कारण तिथं दुसरा असूच शकत नाही. गावातला उत्तम कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) एकच ठरतो, द बेस्ट कुंदा इन टाउन. कुठल्या दुकानातला, ह्यावर माझ्या वर्गात एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

विद्यापीठांत, आधी नाव आणि मग ‘युनिव्हर्सिटी’ असेल तर ‘द’ नको: विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी, राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी. ‘युनिव्हर्सिटी ऑफ’ असेल तर हवा: द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई. इमारतींना मात्र एक नियम नाही. द ताजमहल म्हणतात, राष्ट्रपती भवन नुसतं म्हणतात. ही नावं वाचून, ऐकूनच बसतात.

आणि नकाशावरची ती रेघ. आपल्याकडं कुणी ‘सीमाभाग’ किंवा ‘सीमाप्रश्न’ म्हटलं तर कुठली सीमा, असं घरातलं शाळकरी पोरही विचारत नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून तिसरी-चौथी पिढी हा शब्द ऐकत मोठी झाली. दिल्लीहून आलेल्या माणसाला ‘द बॉर्डर’ म्हणालात तर त्याला पाकिस्तानची आठवेल. ‘द’ कुणासमोर बोलतोय त्यावर ठरतो, हे सांगायला मला ह्याहून जवळचं उदाहरण सापडलेलं नाही. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा लिहिताना ‘द बॉर्डर बिट्वीन महाराष्ट्र अँड कर्नाटक’ असं पूर्ण लिहा, पुढं नुसतं ‘द बॉर्डर’ पुरेल.

पाचवी पायरी: कुठं गाळायचा

सगळ्या जातीबद्दल, सर्वसाधारण बोलताना ‘द’ नको. ‘शुगरकेन नीड्ज वॉटर’, उसाला पाणी लागतं, जगातल्या कुठल्याही उसाला. ‘द शुगरकेन इन अवर फील्ड इज ड्राय’, आमच्या शेतातला ऊस वाळलाय. लाइफ, लव्ह, एज्युकेशन, हेल्थ ह्यांच्या आधी मुलं हटकून ‘द’ घालतात. ‘द लाइफ इज हार्ड’ हे चूक, ‘लाइफ इज हार्ड’.

इथं एक हुशार मुलगा हात वर करतो. मग निबंधात ‘द काउ इज ए डोमेस्टिक ॲनिमल’ कसं? कुठली गाय? प्रश्न बरोबर आहे. तिथं एकवचनी ‘द काउ’ ही सगळ्या जातीची प्रतिनिधी म्हणून उभी आहे. आपणही ‘गाय हा पाळीव प्राणी आहे’ असंच एकवचनात म्हणतो. ही रीत पुस्तकी आहे, बोलताना ‘काउज आर...’ असं अनेकवचन सोपं पडतं.

माय, युअर, हिज, आणि रमेशचा अशा अर्थाचं ‘रमेशेस’ असलं की ‘द’ची जागा भरली. ‘द माय हाउस’ कधीच नाही. भाषा, खेळ आणि जेवणं नुसती: आय स्पीक मराठी, वी प्ले क्रिकेट, वी हॅड लंच. वाद्याला मात्र ‘द’: शी प्लेज द हार्मोनियम. बाय बस, बाय ट्रेन, ॲट होम, ॲट नाइट ह्यांत नाही. इन द मॉर्निंग, इन दी ईव्हनिंग ह्यांत आहे. ह्यामागं कारण शोधत बसू नका, तोंडी बसवा.

स्कूल, कॉलेज, हॉस्पिटल ह्यांची गंमत वेगळी. मूल शिकायला जातं तेव्हा ‘गोज टू स्कूल’. त्याची आई फी भरायला जाते तेव्हा ‘गोज टू द स्कूल’. मूल ज्या कामासाठी शाळा आहे त्यासाठी गेलं, आई त्या इमारतीत गेली. पेशंट ब्रिटिश इंग्रजीत ‘इन हॉस्पिटल’, अमेरिकेत ‘इन द हॉस्पिटल’. आपल्या परीक्षेत दोन्ही चालायला हरकत नाही, पण एका उत्तरात एकच धरा.

एक ‘द’ असा आहे की जो ह्या सगळ्यात बसत नाही. ‘द मोअर, द बेटर.’ इथं पुढं नामच नाही, मग बोट कुणाकडं? हा जुन्या इंग्रजीतल्या तृतीया विभक्तीच्या रूपापासून आला आहे, ‘त्यानं’, ‘तेवढ्यानं’ अशा अर्थाचा. आपण ‘जितकं जास्त, तितकं बरं’ म्हणतो ना, त्यातल्या ‘जितकं’ आणि ‘तितकं’ ह्या दोघांचं काम तिथं ‘द’ करतो. जितकं-तितकं ध्यानात ठेवलं की ‘द सूनर द बेटर’ आपोआप जमतं.

सराव

रोज एक इंग्रजी बातमी घ्या, दहा-बारा ओळींचीच. प्रत्येक ‘द’ला गोल करा आणि कडेला मराठीत कारण लिहा: ‘आधी आलाय’, ‘एकच आहे’, ‘पुढं ऑफनं सांगितलंय’, ‘दोघांना माहीत’. कारण सापडलं नाही तर प्रश्नचिन्ह. महिनाभरानं प्रश्नचिन्हं मोजा. मग तीच बातमी दुसऱ्या वहीत ‘द’ गाळून उतरवा आणि आठ दिवसांनी स्वतः भरा.

सुरुवात ह्या पाच वाक्यांनी करा. रेघेच्या जागी ए, द किंवा काहीच नाही.

‘माय अंकल लिव्ज इन — खानापूर. — मलप्रभा इज नियर हिज हाउस. ही हॅज — काउ. — काउ इज ब्लॅक. एव्हरी मॉर्निंग ही टेक्स — मिल्क टू — डेअरी.’

खानापूरला काही नाही, ते गाव. नदीला द. गाय पहिल्यांदा आली, ए. दुसऱ्यांदा द. डेअरी गावात एकच, द. उरलं दूध. मागच्या आठवड्यात ह्यावर वर्गात दोन तट पडले. एक मुलगा म्हणाला काहीच नको, काका दूध घालतात, एवढंच सांगायचंय. शेजारची मुलगी म्हणाली, ‘सर, त्या काळ्या गाईचंच दूध की. द पाहिजे.’ मी दोघांनाही पूर्ण मार्क दिले आणि दोघांनाही आपापलं वाक्य मराठीत लिहायला लावलं. त्यानं लिहिलं, ‘काका रोज डेअरीला दूध घालतात.’ तिनं लिहिलं, ‘काका ते दूध रोज डेअरीला घालतात.’